बसायचा पाट

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले, की माळ्यावरून काय काय खाली उतरते! कान तुटलेली पितळी परात, कोणाच्या तरी बारशातला पाळण्याचा दांडा, दोर नसलेले शिंकाळे, आणि ज्याची किल्ली कोणालाच आठवत नाही असे एक कुलूप. वर्षातून एकदा त्यांची आणि आपली भेट होते. फडक्याने पुसून ती मंडळी पुन्हा वर जातात, आणि ‘पुढच्या वर्षी नक्की काढून टाकू’ हा ठराव एकमताने मंजूर होतो. बहुतेक संसारांत हा ठराव पंचवीस-तीस वर्षे असाच मंजूर होत राहतो. मग एखाद्या वर्षी असे घडते, की माळाच राहणार नसतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी मामांकडे गेले ती ह्याच कामासाठी. मामांचे घर वाईचे. दुमजली, मागे आड, पुढे ओसरी. मामांचे गुडघे जिना चढेनात, मामींना आडाचे पाणी ओढवेना, आणि मुली दोघीही पुण्याला. तेव्हा थोरलीच्या घराजवळ दोन खोल्यांची एक सदनिका घ्यायचे ठरले. येथे आधीच सांगते, की ह्या हकिकतीत दुष्ट माणूस कोणी नाही. कोणी त्यांना घराबाहेर काढले नव्हते. पैसा त्यांचा, निर्णय त्यांचा, मुली प्रेमळ, जावई सज्जन. आणि तरीही ते आठ दिवस त्या घरात सुतक असल्यासारखे गेले. एके दिवशी तर मामी जेवल्याच नाहीत.

त्या दिवशी निमित्त झाले होते बारा पाटांचे. सागवानी, पितळी फुल्यांचे, भिंतीशी ओळीने उभे केलेले.

मामा म्हणाले, “अगं, बारा पाट नेऊन ठेवशील कुठं? आणि बसणार कोण त्यांच्यावर? आपण दोघं तर टेबलाशी जेवतो.”

मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “कोणी बसणार नाही, हे मला कळत नाही का? पण ते मी म्हणेन. तुम्ही नका म्हणू.”

मी समीक्षक नव्हे. शाळेत मुलांना शिकवते आणि अधूनमधून कादंबरी लिहिते. पदवी माझ्यापाशी नाही. पण मामींचे ते वाक्य ऐकल्यापासून उतारवयातल्या घराविषयी जे जे म्हणून आपण थोर साहित्य मानतो, ते मला निराळेच दिसू लागले आहे. ते कसे, एवढेच येथे सांगायचे आहे.

आपल्या रंगभूमीला म्हाताऱ्या माणसाच्या घराचा विषय फार प्रिय. त्यातले पहिले नाव अर्थातच ‘नटसम्राट’. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगमंचावर आले, डॉ. श्रीराम लागूंनी गणपतराव बेलवलकर उभा केला, आणि तेव्हापासून घर मागणारे ते स्वगत मराठी माणसाच्या तोंडी बसले आहे. ज्यांनी नाटक पाहिले नाही त्यांनी २०१६ सालचा चित्रपट पाहिला असेल. घरोघरी ह्या नाटकाचा अर्थ एकच सांगितला जातो: मुले कृतघ्न निघाली. नाटक संपवून परतताना म्हातारी माणसे डोळे पुसतात आणि तरुण माणसे मान खाली घालतात. हा अर्थ खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण तो अर्धाच आहे.

खरे पाहता बेलवलकरांची शोकांतिका मुलांनी काही करण्याच्या आधीच सुरू झालेली असते. आयुष्यभराची मिळकत ते मुलगा आणि मुलगी ह्यांना देऊन टाकतात, आणि तीही कशी? एका झटक्यात, भरल्या घरात, पडदा पडण्यापूर्वी नटाने टाळी घ्यावी तशी. आपल्याकडे एक जुनी म्हण आहे: समोरचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये. कावेरीच्या शहाणपणाची जात हीच. मी पूर्वी ह्या म्हणीचा अर्थ पैशापुरता घेत असे. म्हातारपणासाठी चार पैसे राखून ठेवा, एवढाच. पण बेलवलकरांनी नुसते पैसे दिले नव्हते. कोठे बसावे, किती मोठ्याने बोलावे, नातीला काय शिकवावे, हे ठरवण्याचा हक्कही त्यांनी त्या कागदाबरोबर देऊन टाकला. चोरीचा आळ पुढे येतो. पण आपल्याच माणसांत आश्रित होण्याचा प्रवास तेथूनच सुरू होतो.

ज्या मुळावरून ही कल्पना आली, त्या शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये तर एक प्रवेश असा आहे, की घर आवरायला काढलेल्या प्रत्येकाने तो वाचावा. विंदा करंदीकरांनी तो मराठीत आणलेला आहे. राज्य वाटून दिल्यावर लिअरने स्वतःसाठी शंभर सरदारांचा लवाजमा राखलेला असतो. थोरली मुलगी त्यातले पन्नास कमी करते. मधली म्हणते पंचवीस पुरेत. मग दहा, मग पाच, आणि शेवटी एक तरी कशाला?

आता गंमत अशी, की मुलींचे एकेक म्हणणे सुटे काढून पाहिले तर ते अगदी समंजस आहे. एका घरात दोन कारभार कसे चालतील? आमचे नोकर आहेतच की सेवेला! हिशेब म्हणून ह्यात चूक काढता येणार नाही. आपणही असेच बोलतो. “आई, तीन कुकर कशाला?” “बाबा, ही मासिके कोण वाचणार?” प्रश्न रास्त असतो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो. गरजेच्या मापाने माणूस मोजायला घेतला तर माणूस म्हणून काही उरतच नाही, अशा अर्थाचे उत्तर लिअर देतो. पण त्याच्या संतापाचे मूळ मला आकड्यात दिसत नाही. शंभर सरदार त्यानेच एके दिवशी निरोप देऊन कमी केले असते, तर तो पाचांवरही सुखाने राहिला असता. दुसऱ्याने मोजणे, हे ते दुःख आहे. माझ्या मामींनी शेक्सपिअर वाचलेला नाही. पण “ते मी म्हणेन” ह्या तीन शब्दांत त्यांनी तो प्रवेश सांगितला.

येथे कोणी म्हणेल, आता काळ बदलला आहे. ते खरे. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. त्याच्या तेविसाव्या कलमात अशी तरतूद आहे, की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. बेलवलकरांच्या काळी हे नव्हते. असता तर कदाचित त्यांना घर परत मिळाले असते. पण कायदा घर परत देऊ शकतो. पाट कोठे ठेवावेत हे विचारायला कोणी मामींकडे यावे, असा हुकूम त्याला काढता येत नाही. ते काम साहित्याचे आहे, म्हणून साहित्याकडे तक्रार घेऊन जायचे.

निर्णय दुसऱ्याने घेतला की काय होते, ते लिअर सांगतो. निर्णय घेतलाच नाही तर काय होते, ते चेकॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’ने सांगितले. १९०४ साली मॉस्कोत आलेले हे नाटक. कर्जात बुडालेली इस्टेट, लिलावाची तारीख ठरलेली, आणि घरातली मंडळी मात्र गप्पा मारीत बसलेली. बागेच्या जमिनीचे तुकडे पाडून ते उन्हाळी बंगल्यांसाठी भाड्याने द्या, असा व्यवहारी सल्ला एक माणूस पुन्हा पुन्हा देतो. तो कोणी ऐकत नाही. त्या नाटकात घरमालकिणीचा भाऊ शंभर वर्षांच्या एका पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहून त्याच्या गौरवार्थ भाषण करतो. प्रेक्षक हसतात. चेकॉव्हने ह्या नाटकाला विनोदी नाटकच म्हटले होते. पण मामा आपल्या शिसवी कपाटाची दारे उघडून-मिटून पाहत होते, तेव्हा मला त्या प्रवेशाचे हसू येईना. अखेर घर विकले जाते, सगळे निघून जातात, बागेत कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात, आणि बंद घरात म्हातारा नोकर विसरून राहतो. जे आपण निवडले नाही ते दुसरा कोणी निवडतो. त्यात सगळ्यांत दुबळा जो, तोच मागे राहतो.

एलकुंचवारांचा ‘वाडा चिरेबंदी’ ह्याच वाटेवरचा, पण अस्सल वऱ्हाडी मातीतला. १९८५ साली तो रंगमंचावर आला. येथे कोणी लहान घरात जात नाही. वाडाच माणसांभोवती लहान होत जातो. दारातला गंजलेला ट्रॅक्टर, पिढीजात सोने, आणि आतून पुन्हा पुन्हा ‘किती वाजले’ म्हणून विचारणारी दादी! ह्या लेखकाइतके वस्तूंना बोलते करणे आपल्याकडे थोड्यांनाच साधले आहे. त्यातली आई फार थोडे बोलते. पण घर हातचे सुटत चालले आहे हे तिला सगळ्यांच्या आधी कळलेले असावे, असे मला प्रत्येक वाचनात वाटते.

आणि दळवींचे ‘संध्याछाया’? तेथे तर घर अडचणीचे नाही, फार मोठे झालेले आहे. नाना आणि नानी दोघेच. एक मुलगा अमेरिकेत, दुसरा सैन्यात. कोणी परका दारात आला तरी त्या दोघांना सण वाटतो. नाटक पाहताना घसा दाटून येतो, हे मी नाकारीत नाही. पण शेवटी ती दोघे मरण जवळ करतात, तेव्हा माझ्यातली शिक्षिका हट्टाने विचारते, दुसरे काहीच नव्हते का?

माझी तक्रार आहे ती ही. आपल्या रंगभूमीने म्हातारपणाला दोनच दारे ठेवली: अपमान नाहीतर मरण. तिसरे एक दार आहे, आणि आज गावोगावची शेकडो घरे त्यातून जात आहेत. मोठे घर आवरायचे, लहान घरात जायचे, आणि तेथे पुढची दहा-पंधरा वर्षे जगायची. नवा दूधवाला, नवे शेजार, नवे हळदीकुंकू. ह्यात टाळ्यांचे स्वगत नाही, म्हणून ते लिहिण्याजोगे नाही, असे आपण समजून चाललो आहोत.

मौज अशी, की आपल्या एका जुन्या ग्रंथाने ते दार उघडून दाखवले होते. महाभारताचे आश्रमवासिकपर्व पाहा. युद्ध संपून पंधरा वर्षे झालेली. धृतराष्ट्र आणि गांधारी पांडवांच्या आश्रयाने राहत आहेत. युधिष्ठिर मान देतो. भीम मात्र टोचून बोलतो. तेव्हा धृतराष्ट्र वनात जाण्याची अनुज्ञा मागतो. युधिष्ठिर सोडायला तयार नाही. व्यास येऊन त्याची समजूत घालतात. निघण्यापूर्वी मेलेल्या मुलांच्या आणि आप्तांच्या नावाने दानधर्म करायला म्हातारा द्रव्य मागतो. भीम कुरकुरतो, अर्जुन आणि युधिष्ठिर ते देतात. आणि निघण्याचा दिवस कोणता? कार्तिकी पौर्णिमा, म्हणजे आपली दिवाळी सरल्यावरचीच!

कोणी म्हणेल, धृतराष्ट्र कोठे आपखुशीने गेला? भीमाच्या शब्दांनी त्याला घालवले. हा आक्षेप मला मान्य आहे. निव्वळ खुशीचे जाणे म्हातारपणी बहुधा नसतेच. मामांना गुडघ्यांनी घालवले. पण घालवले जाणे आणि निघणे ह्यांच्यामध्ये एक अरुंद ओसरी असते. त्या ओसरीवर धृतराष्ट्र चार दिवस बसतो, मागतो, देतो, एकेका मेलेल्याचे नाव घेतो, आणि मग उठतो. बेलवलकरांना ही ओसरी मिळालीच नाही, कारण त्यांनी ती स्वतःच एका झटक्यात ओलांडली.

त्यांच्याबरोबर कुंती निघते, तो भाग तर मला फारच थोर वाटतो. तिला कोणी बोलले नव्हते. तिचे मुलगे राज्य करीत होते. ते पायांवर डोके ठेवून ‘राहा’ म्हणत होते. तरी ती गेली. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये ह्या मंडळींच्या वनातल्या शेवटच्या दिवसांचे चित्र काढले आहे. ते वाचताना जाणवते, की मोठ्या वाड्यात न बोलता राहिलेली माणसे अपुऱ्या जागेत एकमेकांशी बोलू लागतात. त्यांचा शेवट वणव्यात झाला, हे मी विसरले नाही. लहान घर म्हणजे सुखच, असे मला म्हणायचेच नाही.

तथापि कुंतीने स्वतः त्या आवराआवरीविषयी काय म्हटले असते? घर आवरते बाई; आणि नाटक लिहिले जाते बापाचे. लिअरच्या नाटकात तर राणी नाहीच! ह्या बाबतीत एका साध्या पुस्तकाने मला चकित केले. स्वीडनमधल्या मार्गारेटा मॅग्नुसन ह्या चित्रकार बाईंचे ते पुस्तक २०१७ साली आले. विषय ऐकून आपल्याकडची मंडळी ‘शिव शिव’ म्हणतील: मरणापूर्वीची साफसफाई. पण पुस्तक खेळकर आहे. आपल्या मागे मुलांना आपला पसारा उपसावा लागू नये, म्हणून तो आपणच हळूहळू कमी करावा, एवढेच बाई सांगतात. मोठ्या वस्तूंपासून आरंभ करा आणि फोटो व पत्रे अगदी शेवटी घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी काम थांबेल, हा त्यांचा सल्ला मी मामींना सांगितला. तो उशिरा सांगितला. फोटोंचा डबा आधीच उघडलेला होता.

पण ह्या पुस्तकात एक उणेपणा आहे. बाई पतीच्या मागे एकट्याने आवरीत होत्या. वस्तू त्यांची, निवड त्यांची. आपल्याकडे वस्तू एकट्याची कधी असते? हंडा माहेरचा, समई सासूबाईंची, घंगाळ नणंदेला कबूल केलेले. शिवाय आपल्या भांड्यांवर नावे कोरलेली! कोणी दिले, कोणाच्या लग्नात, कोणत्या तारखेला. मोडीत घालताना दुकानदार वजन करतो, नाव वाचीत नाही. मामींच्या हातात एक गडू होता, त्यावर त्यांच्या वडिलांचे नाव होते. तो तराजूत ठेवायचा म्हणजे काय, हे स्वीडनमधल्या त्या भल्या बाईंना लिहायचे कारण पडले नाही. ते आपल्यातल्या कोणी तरी लिहायला हवे.

मला वाटते, आपल्या कादंबरीकारांनी, आणि त्यात मी स्वतःही आलेच, ह्या विषयाकडे पाहताना खलनायक शोधणे थोडे थांबवावे. दुष्ट सून आणि स्वार्थी मुलगा ह्यांनी आपले काम फार सोपे करून ठेवले आहे. सगळी माणसे चांगली असताना बारा पाटांवरून एक बाई उपाशी का राहते, हा खरा अवघड प्रश्न आहे. आणि जो अवघड, तोच लिहिण्याजोगा.

मामींच्या पाटांचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. मामा पुन्हा काही बोलले नाहीत. मुलींनाही मी गप्प बसवले. तीन दिवस पाट भिंतीशी तसेच उभे होते. चौथ्या दिवशी मामींनी चिंच लावून फुल्या घासल्या, आणि भाऊबीजेला जमलेल्यांना एकेकाला हाक मारून त्या पाट देऊ लागल्या. “हा तुझा. तू डावीकडून तिसरी बसायचीस, आणि आमटी नको म्हणायचीस.” ज्याची जागा कोठे होती, ते त्यांना सगळे ठाऊक होते. जी माणसे आता नाहीत, त्यांचे पाट त्यांच्या मुलांना गेले. अकरा पाट गेले. गडूही गेला नाही मोडीत; तो एका भाचीने मागून घेतला.

पुण्याच्या घरी मामींना जड गेले, हे लपवीत नाही. कित्येक महिने त्या रात्री उठून डावीकडे वळत, आणि तेथे भिंत असे. वाईच्या घरात तेथे माजघराचे दार होते. मामांनाही फळीवर हात नेऊन चष्मा सापडेना. पण जड जाणे निराळे आणि लाचार होणे निराळे. आज त्यांच्या खिडकीत तुळस आहे, शेजारची दोन मुले मामांकडे गणित शिकायला येतात, आणि मामी जिना नसल्याबद्दल रोज एकदा देवाचे आभार मानतात.

बारावा पाट त्यांनी बरोबर नेला. जेवायला टेबल आहे, तेव्हा त्यावर कोणी बसत नाही. खुर्ची जरा उंच पडते म्हणून मामा त्यावर पाय ठेवून बसतात. मी म्हटले, “मामी, एवढा जपून आणलेला पाट, आणि त्यावर पाय?”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “मीच ठेवायला सांगितलंय.”

यंदाच्या दिवाळीत तुमच्या घरचा माळा खाली उतरेल. वडील माणसांच्या हातात एखादी वस्तू दिसली आणि ‘ही कशाला?’ हे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर थांबा. ते शब्द त्यांचे त्यांना म्हणू द्या.